अण्णा, ती म्हैस बायजीची होती

ती. अण्णांस,
गोदीचा नमस्कार.

तुम्ही असताना हे लिहिलं असतं, तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढून तुम्ही ते परत पाठवलं असतंत. आता तसं होणार नाही, म्हणून आज धीर केला. आणि काल तुमच्या शाळेत शोकसभा झाली, म्हणूनही. शहापूरचे झाडून सगळे मास्तर आले होते. जो तो उठून एकच सांगत होता, "मुलांना स्वतःच्या मनचं लिहायला शिकवलं ते अण्णांनी!" मी बायकांच्या बाजूला बसून पदराचं टोक पिळत होते. लोकांना वाटलं, लेक बापासाठी रडते आहे.

अण्णा, असं कसं हो केलंत तुम्ही?

तुमचे उपकार विसरले नाही मी. नवरा गेला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. न्हाव्याला बोलवा म्हणून काका अडून बसले होते. तुम्ही भर ओसरीत म्हणालात, "गोदी पुण्याला जाईल, मास्तरीण होईल." त्या दिवशीचे तुम्ही मला अजून देवासारखे दिसता. म्हणूनच पुढचं सगळं जास्त झोंबतं.

मुरबाडजवळच्या त्या खेड्यात नोकरी लागली, तेव्हा मीही तुमच्यासारखीच शिकवत होते. फळ्यावर निबंध लिहायचा, "गाय हा एक उपयुक्त प्राणी आहे," आणि मुलींनी तो पाटीवर उतरवायचा. अक्षर सुरेख, चेहरे मेलेले! त्यातलीच एक बायजी. भातशेती करणाऱ्या घरातली. एरवी तोंडाची टकळी चालू, पाटी हातात आली की मुकी.

एक दिवस ती उशिरा आली. मी रागावले, तर म्हणाली, "बाई, आमची म्हस काल परत आलीच नाय. बा बोलला, वाघानं नेली. सकाळी आमी रानात गेलो, तं जांभळीखाली उभी! व्यालेली. पायाशी रेडकू. मला बघून रडली. म्हशी रडतात का वो बाई?"

सगळा वर्ग तिच्याकडे वळून बसला होता. मी म्हटलं, "हेच लिही."

"हे? हे लिवायचं असतं?"

तिने पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या. मी सवयीने लगेच "नाय"चं "नाही" केलं, "म्हस"ची "म्हैस" केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मुकी! ट्रेनिंगमध्ये जे कुणी सांगितलं नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं. आधी विचारायचं. रेडकू कसं होतं गं? बा काय बोलला? ऐकायला कुणी बसलं आहे असं दिसलं की लेकरू लिहितं. शुद्धलेखन मागाहून, त्याच्याच वाक्यांतून.

मग काय काय केलं आम्ही! तोंडाने बोलायला बंदी. एकीने पाटीवर प्रश्न लिहायचा, शेजारणीने उत्तर. भाकरी कशी करायची ते लिहायचं आणि दुसरीने लिहिल्याबरहुकूम करून दाखवायचं. एकीच्या कृतीत पाणीच नव्हतं! वर्ग हसून लोळला, आणि तिनं न सांगता पाटी ओढून पाणी लिहिलं.

तुम्ही आलात ते याच दिवसांत. बायजीची पाटी उचललीत, वाचलीत आणि तळहाताने पुसून टाकलीत. "गोदे, ही भाषा आहे? शाळा आहे की गोठा?" मुलींसमोर, अण्णा! तुम्ही गेल्यावर बायजी कोऱ्या पाटीकडे बघत म्हणाली, "बाई, गुरुजींनी आमचं रेडकू पुसलं."

पुढे डिप्टीसाहेब तपासणीला आले, मुलींचं लिखाण ऐकून खूष झाले. ते तुमच्या कानावर गेलं. तुमचा निरोप आला, चांगले निबंध कागदावर उतरवून पाठव. केवढी हरखले मी! अण्णांना पटलं! बायजीने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत पुन्हा सगळं लिहिलं.

आणि शिक्षकांच्या संमेलनात तुम्ही उभे राहून वाचलंत, "माझ्या शाळेतला एक विद्यार्थी लिहितो..." विद्यार्थी! तिला तुम्ही मुलगीसुद्धा राहू दिलं नाहीत. टाळ्या झाल्या, शाल आली, नारळ आला. परतताना बैलगाडीत मी विचारलं, "अण्णा, ते बायजीचं होतं ना?"

"हो."

"मग?"

"खेड्यातल्या पोरीने लिहिलं, विधवा मास्तरणीने लिहवून घेतलं, असं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? माझ्या नावाने पद्धत चालेल तरी."

चालली हो, अण्णा! गेल्या हिवाळ्यात वैशाखरे गावच्या शाळेत गेले होते. फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, "आमची म्हैस रानात व्याली. मला पाहून तिच्या नेत्रांत अश्रू आले." वर्गभर मुलं माना खाली घालून ते उतरवत होती. मास्तर अभिमानाने म्हणाले, "ही शहापूरच्या अण्णांची पद्धत." मी पुढच्या मुलाला विचारलं, "तुमच्याकडे म्हैस आहे?" तो म्हणाला, "नाय."

बायजी मुरबाडच्या बाजारात भेटली. कडेवर पोर. मी विचारलं, "लिहितेस का गं काही?" तर हसली. "कुनाला लिवू, बाई? वाचनारं कोन हाय?"

तुम्ही जन्मभर लिहायला शिकवलंत. स्वतःचं असं कधी काही लिहिलंत का? मी पुण्याला असताना तुमचं कार्ड आलं होतं. "तुझी आई काल वारली. परीक्षा सोडून येऊ नये." काना-मात्रेची एक चूक नाही! मी त्यात तुम्हाला शोधत बसले होते. आई जाताना काय बोलली? तुम्ही रडलात का? मग वाटतं, तुम्हाला तरी कुणी कधी विचारलं होतं, की अण्णा, तुम्हाला काय लिहायचंय?

काल सभेनंतर मास्तरांनी गळ घातली, सुट्टीत आम्हांला अण्णांची पद्धत शिकवा. शिकवीन. पहिल्याच दिवशी ती कुणाची ते सांगेन, तुमच्या शाळेत उभी राहून सांगेन. तुम्हाला वाईट वाटलं तरी. फळ्यावर नमुना लिहून देणार नाही. आधी मास्तरांनाच लिहायला लावीन, घरातलं, मनातलं, अशुद्ध. त्यांच्याबरोबर मीही लिहीन, आईबद्दल. ती कशी गेली ते मला ठाऊक नाही. तेवढंच लिहीन.

तुमची,
गोदी