संघपालला गाडी विकू देऊ नका

अक्कलकोट रोड, सोलापूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,

तेजूचा सप्रेम जय भीम. आईला जय भीम, संघपाल आणि चैतालीला आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नका. माझा फोन बिघडलाय, म्हणून कागद घेतला. लहानपणी तुम्ही मुक्कामाच्या एसटीवर ड्युटीला गेलात की मी वहीत तुम्हाला पत्रं लिहायची आणि तुम्ही परत आल्यावर तुमच्यासमोर उभी राहून वाचून दाखवायची. हे मात्र तुमचं तुम्हालाच वाचायचं आहे. चष्मा लावून, सावकाश.

उत्कर्षा बरी आहे. पुढचे दोन दात पडलेत, हसली की अगदी तुमच्यासारखी दिसते. पाढे पाठ आहेत, पण बारापाशी अडते. तुमची आठवण काढते.

परवा संध्याकाळी यांच्या फोनवर तुमचा आवाज ऐकला. स्पीकर चालू होता, मी भाकरी थापत होते. तुम्ही म्हणालात, "संघपाल गाडी इकून मोटारसायकल घ्यायची म्हणतोय. तुमी तर घेतलीया. परवडती का वो? तेजूला इचारून सांगा की." हे म्हणाले, "लई परवडतं, अण्णा. डोळं झाकून इकाय सांगा." मग फोन ठेवला आणि जेवायला बसले. मला कुणी काही विचारलं नाही. म्हटलं, उत्तर आपणच द्यावं.

तर ऐका. आपली गाडी शहरात सोळाचं ॲव्हरेज द्यायची, मोकळ्या रस्त्याला अठरा. मोटारसायकल पंचावन्न देते. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, वर्षा-दोन वर्षांनी बॅटरी, असं सगळं धरलं तर महिन्याला चार हजार तरी वाचतात. यात खोट काही नाही. आयुष्यभर डेपोत डिझेल बचतीत तुमचा पहिला नंबर, तुम्हाला खोटा आकडा सांगायची माझी काय बिशाद! मोटारसायकलचे बारीकसारीक खर्च आहेतच, चेन, रेनकोट, हेल्मेट. पाऊस लागला की तिघांना रिक्षा करावी लागते. पण ते किरकोळ.

परवडतं, अण्णा. आकड्यात परवडतं.

एवढं लिहून पत्र मिटवणार होते. भाजी करपल्याचा वास येतोय, उठते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दोन दिवस हे पत्र तांदळाच्या डब्यात होतं. काढून परत वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. पोटात एक आणि ओठात एक असं तुम्ही मला शिकवलं नव्हतं.

ते चार हजार कुठून वाचले ते सांगते. तुमचे जावई नवनाथ, चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला जायचे ते कंपनीच्या बसने. गाडी त्यांनी कधी नेलीच नाही. उलट आता ते रोज मोटारसायकलने जातात, म्हणजे तो पेट्रोलचा खर्च नवा वाढला. गाडी चालवायचे मी. उत्कर्षाला शाळेत सोडायचं, तिथून पुढे वळसंगच्या शाळेवर तास घ्यायला जायचं, येताना बाजार, आणि महिन्यातनं दोनदा यांना शेजारी बसवून करमाळ्याला तुमच्याकडे. पेट्रोल जळायचं ते माझ्या जाण्यायेण्याचं. गाडी गेली आणि माझं जाणं बंद झालं. गिअरची मोटारसायकल मला येत नाही, शिकवा म्हटलं तर हसले. वडापच्या जीपने वळसंगला जाते म्हटलं तर म्हणाले, "परक्या मानसांच्यात कोंबून बसायचं शोभतं का तुला?" ऑक्टोबरात शाळेवरची नोकरी सोडली. तिथे नऊ हजार मिळायचे. आता तुम्हीच मांडा हिशेब, माझ्याच्याने होत नाही.

दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मी दरवर्षी येते. यंदा आले नाही. सहा डिसेंबरलाही नाही. तुम्हाला सांगितलं गेलं की उत्कर्षाला ताप आहे. तिला ताप नव्हता.

अण्णा, ऑगस्टमध्ये मी एकटीच पोरीला घेऊन सकाळी सकाळी आले होते, आठवतं? आई म्हणाली, कळवलं नाहीस. मी म्हटलं, आठवण आली म्हणून निघाले. त्याच्या आदल्या संध्याकाळी नवनाथने मला पहिल्यांदा मारलं होतं. कशावरून, ते सांगण्यासारखं नाही, आमटीत मीठ जास्त झालं असंच काहीतरी. मी किल्ली घेतली, पोरीला मागे झोपवलं आणि उजाडायच्या आत निघाले. टेंभुर्णीला चहा प्यायला थांबले, तिथेच नळावर तोंड धुतलं. तुमच्या दारात गाडी लावली तेव्हा मी हसत होते. तुम्ही टायरमधली हवा बघितलीत आणि म्हणालात, "पोरगी एकटी आली, बापाची हाय." मला किती बरं वाटलं होतं! म्हणून काही बोलले नाही. तीन दिवस राहून परत आले. त्याने माफी मागितली होती आणि मला ती खरी वाटली.

गाडी आहे म्हणून ही बाई निघू शकते, हे त्याच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही.

मग तो पंधरा दिवसांनी तुमच्याकडे आला. पेढे घेऊन आला, तुमच्या पाया पडला आणि तुमच्याशी ॲव्हरेजवर बोलत बसला. त्याला बरोबर ठाऊक होतं की कुठल्या गोष्टीवर तुम्ही विरघळता. किलोमीटर, लिटर, टायरची झीज. आईने नंतर सांगितलं, तुम्ही दोघं जेवायचं विसरला होतात. संध्याकाळी तुमचा मला फोन. "सही कर पोरी. जावई लई शाना हाय. ही गाडी म्हंजे नाकापेक्षा मोती जड झालाय." गाडी माझ्या नावावर, तुमच्या निवृत्तीच्या पैशातली. तुम्ही म्हणालात म्हणून मी सही केली. तोवर करत नव्हते. चार दिवस नाही म्हणत होते आणि त्या चार दिवसांत त्याने एकदाही हात उचलला नाही, कारण तुमच्या फोनची त्याला खात्री होती.

मला तुमचा राग आला होता. अजून आहे. मी नाही का म्हणते, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. बत्तीस वर्षं गाडी चालवलीत, मागच्या खिडकीतून कुणी हाक मारली तरी तुम्हाला ऐकू यायचं, आणि माझं ऐकू आलं नाही. लिहून टाकलं. आता पुढचं ऐका.

फोन बिघडलेला नाही. तो त्याच्या खिशात असतो.

मी मुकाट्याने बसले असं समजू नका. जानेवारीत, तो कामावर गेल्यावर, उत्कर्षाला घेऊन एसटी स्टँडवर गेले. एक पिशवी, दोन ड्रेस. करमाळ्याची बस लागायची होती. कुणी सांगितलं कोण जाणे, तो मोटारसायकल घेऊन थेट तिथे आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. लोकांना वाटलं असेल, बाप पोरीला न्यायला आलाय. त्याने उत्कर्षाला उचलून पुढे टाकीवर बसवलं, किक मारली आणि मला म्हणाला, "तुला जायाचंय न्हवं? जा की. पोरगी घरला चाललीया." मागची सीट रिकामी होती, अण्णा. मी बसायच्या आत तो निघाला. उत्कर्षा मागे वळून बघत होती, तर त्याने तिचं डोकं धरून पुढे फिरवलं.

बस लागली. कंडक्टरने दोनदा विचारलं, "बाई, करमाळा का?" मी नाही म्हटलं आणि चालत घरी आले.

तेव्हापासून पोरीला सकाळी शाळेत तोच सोडतो आणि शाळा सुटली की ती बुधवार पेठेत त्याच्या बहिणीकडे जाते. संध्याकाळी तो तिला घेऊनच येतो. ती माझ्या हाताशी असते तेव्हा तो घरात असतो. म्हणून मी निघू शकत नाही. दार उघडं आहे, कुलूप नाही काही नाही, बाजारालाही जाते. तिला सोडून मी कुठे जाणार, हे त्याला पक्कं माहीत आहे. मारणं आता आठवड्याचं झालंय. परवा त्याने तिच्यासमोर मारलं आणि तिला म्हणाला, "बघ, आई ऐकत न्हाई." तिने मान हलवली. हो म्हणून हलवली, अण्णा. त्या रात्री मला मार लागल्याचं काही वाटलं नाही, तिची ती मान डोळ्यांसमोरून जाईना. आणखी वर्षभर ती इथे राहिली तर ती मला आई म्हणून ओळखणार नाही.

म्हणून सांगते, संघपालला गाडी विकू देऊ नका. चैताली ती घेऊन नातेपुत्याला माहेरी जाते, तिला आधी विचारा. आणि दुसरं माझ्या स्वार्थाचं. मला आणि पोरीला न्यायला गाडी लागेल. मोटारसायकलवर आम्ही मावणार नाही आणि बसची वाट बघत उभं राहायची माझी आता हिंमत नाही.

येत्या रविवारी नको, पत्र पोचायला वेळ लागेल. त्याच्या पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, तुम्ही आणि संघपाल दोघं या. दिवसाढवळ्या या. नवनाथ घरी असेल, उत्कर्षाही असेल. आधी फोन करू नका. त्याला कळलं की तुम्ही येताय, तर तो पोरीला घेऊन बाहेर पडेल. पत्राला उत्तरही पाठवू नका, टपाल त्याच्या हातात पडतं. आईला इतक्यात सांगू नका, ती रडत फोन करील. हे पत्र शेजारच्या नरसम्मा मावशी विड्या द्यायला कारखान्यात जाताना पेटीत टाकणार आहेत. त्यांनी काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला.

तुम्ही आलात की तो तुमच्या पाया पडेल. बसा म्हणेल, पाणी आणेल. फार चांगला वागेल, खायचे दात त्याचे वेगळेच आहेत. आणि पाचच मिनिटांत तो मोटारसायकलच्या ॲव्हरेजचा विषय काढेल. अण्णा, तुमच्या पाया पडते, तेव्हा त्याच्या बोलण्यात गुंतू नका. आकडा बरोबर असला तरी मान हलवू नका. संघपालला चिडू देऊ नका, मारामारी नको, पोरगी बघत असेल. तुम्ही फक्त उठा, उत्कर्षाचा हात धरा आणि मला म्हणा, "तेजू, चल." सामान काही घ्यायचं नाही. मी चपला घालूनच बसलेली असेन.

तुम्ही विचार कराल, मग लोक काय म्हणतील, पोरगी घरी आणून बसवली. आई गुडघ्याला तेल लावत रडेल. संघपालचा संसार आहे, खोल्या दोनच. हे सगळं माझं मनात घोळवून झालंय. मी पुन्हा एखाद्या शाळेवर तास घेईन, कुणाला जड होणार नाही. पण तुम्हाला ते अवघड वाटलं तर तुमची मर्जी. तुमचं वय झालंय, मी जबरदस्ती करणार नाही.

तेवीस तारखेला दिवसभर मी दाराकडे तोंड करून बसेन. नाहीच आलात, तर पत्र पोचलं नाही असं मी समजेन.

तुमची,
तेजू