मांजरीच्या पिलाला वळण

बाई, तुम्ही दिलेल्या कवितांच्या वहीवर मांजरीचं पिल्लू मुतलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्हाला पाल्हाळ आवडत नसे आणि मला त्याशिवाय लिहिता येत नाही. वही आता गॅलरीत दोरीवर चिमटे लावून टांगली आहे. तुमची जांभळी शाई दोन पानांवर पसरली. नदीची कविता जवळजवळ गेलीच, पाखराची अर्धी वाचता येते. चौथीतून बाहेर पडताना ती माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणाला होतात, "पुस्तकं रद्दीत जातात. ही हाताने लिहिलेली आहे, जपशील." पन्नासहून जास्त वर्षं जपली, बाई. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतून ती या बिबवेवाडीच्या तिसऱ्या मजल्यावर आली. कारखान्याने आम्हा जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली (त्यात स्वेच्छा किती होती ते सोडा), तेव्हा सहा महिने मी दुसरं काही वाचलं नाही. वाळवी, झुरळं, घरबदल, सगळ्यांतून वाचलेली ही वही, आणि तिचा निकाल लावला कोणी, तर माझ्या चपलेएवढ्या एका प्राण्याने.

हे पिल्लू माझ्या नातीने आणलं. नऊ वर्षांची आहे, चौथीत. पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडलं म्हणून दप्तरात घालून वर घेऊन आली. मुलगा हिंजवडीच्या एका कंपनीत आहे, पण सध्या त्या कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलं आहे. सूनही कॉम्प्युटरवालीच. ती सकाळी जाते, दुपार कलल्यावर घरी येते आणि अमेरिका जागी झाली की कानाला यंत्र लावून पुन्हा कामाला बसते. वाईट नाही हो ती. एकटी सगळं ओढते. पिल्लाकडे बघून तिने आधी डोक्याला हात लावला, मग म्हणाली, "ठेवा. पण घरात घाण झाली, तर ही मांजर या घरात राहणार नाही. बाबा, तुम्ही दिवसभर घरीच असता. तुम्ही लावा तिला वळण." 'घरीच असता' हे तिने सहज म्हटलं. मला ते दिवसभर पुरलं.

वळण म्हटलं की मला तुम्हीच आठवता. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या नातीला वळण म्हणजे रस्त्याचं वळण एवढंच ठाऊक. आम्हाला आधी अक्षराचं वळण, मग वागण्याचं, आणि दोन्ही तुमच्याकडून. पहिलीच्या वर्गात धूळपाटी असे. तुम्ही मागे येऊन उभ्या राहता, माझं बोट धरता, बारीक वाळूतून 'ग' फिरवता. तुमच्या पदराला खडूचा वास आहे. मी 'ग'चा काना दूर काढतो, तुम्ही तळहाताने सगळं पुसून टाकता आणि म्हणता, "पुन्हा." रागावून नाही, कौतुकानेही नाही. नुसतं "पुन्हा". एवढा धीर तुम्ही कुठून आणत होतात? चाळीस पोरं होतो आम्ही. माझ्याकडे एकच पिल्लू, आणि पहिल्या आठवड्यातच माझं डोकं फिरलं.

नातीने सांगितलं की मांजरांसाठी खास वेगळी माती दुकानात मिळते, पिशवीतून. म्हटलं, पुण्यात जन्म काढून आता माती विकत घ्यायची? धुण्याचा एक पसरट टब होता, त्यात जुनी वर्तमानपत्रं अंथरली. पिल्लू कोपऱ्यात गोल गोल फिरायला लागलं की मी उचलायचो आणि टबात ठेवायचो. ते बाहेर उडी मारायचं. मी पुन्हा ठेवायचो. माझ्या गुडघ्यांचा आवाज शेजारी ऐकू जात असेल. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी बाईसाहेब आपणहून टबात गेल्या, वर्तमानपत्रावर बसल्या आणि काम आटोपून रुबाबात बाहेर आल्या. मी सुनेला फोन करून सांगितलं. ती मीटिंगमध्ये होती, म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पडलेल्या ताज्या वर्तमानपत्रावर, मी उचलायच्या आत. त्याच संध्याकाळी सुनेच्या ऑफिसच्या कागदांवर. आणि नंतरच्या दुपारी मी कॉटवर तुमची वही उघडी ठेवून चहा टाकायला गेलो, तेवढ्यात. परत आलो तर ती नदीच्या कवितेवर बसलेली, डोळे अर्धे मिटून, अगदी समाधानाने. बाई, मी तिला मानगुटीला धरलं आणि तिचं नाक त्या ओल्या पानावर घासलं. दोनदा. लहानपणी कुत्र्या-मांजरांना असंच शिकवताना पाहिलं होतं. ती ओरडली नाही, नुसती शिंकली. आणि दारात नात उभी होती.

"आजोबा, तिला काय कळणार? पेपर म्हणजे संडास असं तुम्हीच शिकवलंत ना?"

पोरगी बरोबर होती. ते पिल्लू माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी निघालं. जे शिकवलं ते शिकलं. मला काय शिकवायचं होतं ते त्याने कुठून ओळखावं? मला राग आला तो पिल्लाचा, नातीचा, विकतच्या मातीचा, सहा महिने तिकडे जाऊन बसलेल्या मुलाचा. वही पुसत बसलो आणि रागातच तुमचं स्वयंपाकघर आठवलं. रविवारी सकाळी तुम्ही मला घरी बोलावून पाठांतर घेत असा. तुम्ही पाटावर बसून मेथी निवडता आहात, मी उंबऱ्यात उभा राहून पाखराची कविता म्हणतो आहे. तिसऱ्या कडव्यात शब्द जातात. पण चाल पक्की आहे, म्हणून मी हूं हूं करत चालीवरच पुढे सरकतो आणि चौथं कडवं खणखणीत पकडतो. तुमचे हात थांबत नाहीत. मान वर न करता तुम्ही म्हणता, "चाल आली. शब्द कुठायत? येत नसेल तर येत नाही म्हणावं. गुणगुणून वेळ मारून नेऊ नये, गाढवा." मग मेथीच्या दोन जुड्या निवडून होईपर्यंत मी तिथेच उभा. नंतर तुम्ही गूळपोळी दिलीत हे खरं, पण लक्षात राहिलं ते उभं राहणं.

पिल्लाला माती लागते, हे शेवटी मी मान्य केलं. विकतची नाहीच. हल्ली पुण्यात जिकडे बघाल तिकडे बांधकाम चालू आहे. आमच्या गल्लीतच दोन इमारती उठतायत, वाळूचे ढीग रस्त्यावर. मी प्लास्टिकची बादली घेऊन खाली गेलो. रखवालदार विदर्भाकडचा, अमरावतीच्या बाजूचा.

"काय करून राहिले जी आजोबा?"

"थोडी वाळू हवी होती. मांजरीसाठी."

"मांजरीसाठी? बंगला बांधता काय तिच्यासाठी?"

"संडास."

तो इतका हसला की वर परांचीवरचा माणूस वाकून बघायला लागला. पण बादली त्याने स्वतः भरून दिली, वर चाळूनही दिली. "खडे टोचतील न तिच्या पायाले," म्हणाला.

त्या वाळूत मी पिल्लाला ठेवलं. ते नुसतं उभं राहिलं. मग मी खाली बसलो, त्याचा पुढचा पाय दोन बोटांत धरला आणि वाळूत ओढला. एकदा, दोनदा. केवढासा तो पंजा, बाई, तुरीच्या दाण्यांसारखी गादी खाली. तिसऱ्यांदा त्याने पाय माझ्याकडून सोडवून घेतला आणि आपला आपण उकरायला लागलं. मी हलायलासुद्धा घाबरत होतो. त्याने खड्डा केला, बसलं, झाल्यावर वरून वाळू ओढली, वास घेतला, आणखी जरा ओढली. नातीने टाळ्या वाजवल्या. रविवारपासून बुधवारपर्यंत घरात एक थेंब बाहेर नाही. सुनेने टबात डोकावून म्हटलं, "बाबा, जमलं की तुम्हाला." चार दिवस मी या घरात छाती काढून फिरलो.

गुरुवारी दुपारी संडासाच्या दाराशी फरशी ओली झाली. मी फडकं आणलं, फिनेल ओतलं, पुसून घेतलं. नीट वाळायच्या आत सून नेमकी लवकर आली आणि तिचा पाय घसरला. पडली नाही, भिंत धरली. पण खांद्यावरची ती कॉम्प्युटरची जड बॅग फरशीवर आपटली.

"परत?" ती म्हणाली.

"लहान आहे अजून," मी म्हणालो.

"बाबा, पुरे झालं. मी खूप दिवस बघतेय." तिने उभ्या उभ्या मोबाइल काढला. तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं खडकवासल्याकडे फार्महाऊस आहे, मांजर तिथे राहील, शनिवारी ती येऊन घेऊन जाईल. फार्महाऊसवर दोन मोठी कुत्री आहेत हे मला ठाऊक आहे, नातीने फोटो दाखवला होता. नात खोलीतून बाहेर आली. पिल्लू तिच्या हातात होतं, झोपेने डोळे चिकटलेले.

"आई, तिने नाही केलं. ती दुपारभर माझ्याजवळ होती. मी होमवर्क करत होते, ती दप्तरावर झोपली होती."

"खोटं बोलू नकोस."

"नाही बोलत! आजोबांना विचार!"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी फडकं पिळत होतो. पिळून झालं होतं, तरी पिळत होतो.

पोरगी त्या दिवशी जेवली नाही. शुक्रवारी शाळेतून आली ती सरळ टबाजवळ जाऊन बसली आणि हाताने वाळू सारखी करत राहिली. सून कपडे बदलून आली, तिला म्हणाली, "खोटं बोललेलं मला चालत नाही, तुला माहितेय." त्यावर पोरीने मान वर केली नाही. शनिवार उद्यावर आला होता. खरं सांगतो, मला अजूनही गप्प बसावंसं वाटत होतं. वाटत होतं, मांजरच आहे, जाईल, पोर दोन दिवस रडेल आणि विसरेल.

"ती खोटं बोलत नाहीये," मी म्हणालो. "माझ्या हातून तांब्या सांडला काल. पाणी होतं. सांगायचं राहून गेलं."

सून माझ्याकडे वळली. "अहो बाबा, पाणी सांडलं तर फिनेल कशाला..." एवढं म्हणून ती थांबली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग संडासाच्या दाराकडे. पुढचं वाक्य तिने म्हटलं नाही. पोरीच्या शेजारी खाली बसली, तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "सॉरी, पिल्लू. चल, जेवायला वाढते." मैत्रिणीला फोन तिने गॅलरीत जाऊन केला. आज सुतार आला होता. संडासाची कडी हल्ली फार घट्ट बसते, ती त्याने सैल करून दिली. त्याला कोणी बोलावलं, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मांजर आहे, वाळूत जातंय. नात माझ्याशी बोलते, पण जरा जपून.

बाई, हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. घरात कोणी वाचू नये म्हणून आत्ता फाडणारच आहे. तुम्हालाही वर सगळं लिहिलं आणि नेमकं तेवढं गाळलं. गुरुवारी मी दुपारच्या झोपेतून उठलो, घाईने त्या दारापर्यंत पोचलो, कडी निघेना. तांब्या माझ्या हातात नव्हताच.