लिव्हरचं गणित आणि बाबांची दोन वर्षं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? आमच्याकडे सगळं मजेत, एक माझं लिव्हर सोडून.

झालं असं, की सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. (दारूच्या थेंबाला शिवलो नाही गं! पण तुझ्या भावजयीने डॉक्टरीणबाईंसमोर माझ्या तळणाचा पाढाच वाचला.) आता ते आतून किती निबर झालंय ते बघायचं. पूर्वी म्हणे बरगड्यांमधून सुई घालून तुकडाच काढत. मी खुर्चीत पांढराफटक! जन्मभर सुईवर पोट भरणारा शिंपी मी, पण सुई कापडात जाते तोवरच आपली. बाई हसल्या. आता आधी रक्तावरूनच अंदाज घेतात. रक्तातले तीन आकडे आणि आपलं वय यांचं गणित मांडायचं. मी लगेच बाही वर केली.

उत्तर आलं ते नेमकं हद्दीच्या नखभर पुढे. धड बरं नाही, धड वाईट नाही. आता रक्ताची आणखी एक तपासणी, आणि तिनेही काही कळलं नाही तर सुई. पाय ओढत घरी येत होतो, तर जिन्यातच डोक्यात उजेड पडला. वय! घरात धुडगूस घालतो म्हणून बाबांनी दोन वर्षं वाढवून मला शाळेत डांबलं, आणि तेच वय अजून सगळीकडे मिरवतोय. म्हणजे मी आजारी नाहीच, बाबांच्या कृपेने नुसता म्हातारा आहे! हे बाईंना पटवायला घरचं जाणतं माणूस हवं, आणि मी जन्मलो तेव्हा शाळेत जाणारी तूच एक उरलीस. अडचण एवढीच, की हल्ली तू जे वय सांगतेस त्या हिशेबाने तू माझ्याहून धाकटी ठरतेस. बघ, जमव काहीतरी.

तुझा,
धाकटा (अजून तरी)

ता. क. भावोजींना बाहेरच बसवू. तुझं खरं वय डॉक्टरीणबाईंपलीकडे जाणार नाही.

आणखी ता. क. खरं सांगू? बाईंनी माझ्या नुसत्या शब्दावर गणित पुन्हा मांडलं. आकडा जरासा हलला, पण हद्दीच्या अलीकडे काही आला नाही. साक्षीची गरज उरलेली नाही. दुसऱ्या तपासणीचा निकाल गुरुवारी आहे. हिच्यासमोर मी दिवसभर विनोद करतो, म्हणजे ती रडत नाही. तुझ्यासमोर करावे लागणार नाहीत. फार भीती वाटतेय गं, ताई. ये.