मामाचा कोट आणि सोयरीक

कान्ये, ऑक्टोबर १९६६

मोलेफे, माझ्या आईच्या धाकट्या लेका,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी छाती कशी आहे? खोकल्यातून खाणीची धूळ अजून पडते का? खरं लिही. खोटं लिहिणार असशील तर थोडक्यात लिही. आम्ही बरे आहोत. (बरे म्हणजे मेलेलो नाही. यंदा एवढ्यालाच बरे म्हणतात.)

हे वर्ष मोठं गेलं. पाऊस आला नाही, स्वातंत्र्य आलं. आधी गुरं गेली, मग इंग्रज गेले. तुझी तांबडी गाय मार्चात खाली बसली ती उठली नाही. तुझं नाव घेऊनही उठवून पाहिलं. पुढे चावडीवर नवा झेंडा चढला. त्यातला निळा रंग पावसाचा, असं मुखियांनी सांगितलं. आम्ही सगळे 'पुला! पाऊस पडो!' म्हणून ओरडलो, आणि धुळीचं असं वादळ आलं की माबाले आत्या दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याचा हात धरून घराकडे निघाली. (अर्ध्या वाटेत कळलं. तरी म्हणते, चालायला बरा होता.)

आता बोनोलोचं. तू जोहान्सबर्गला गेलास तेव्हा ती तुझ्या खांद्यावर बसायची. यंदा तिला मागणी आली. मुलगा चांगला आहे, शाळेत शिकवतो, कमी बोलतो. त्याच्या घरचे वडीलधारे पहिल्यांदा आले, तेव्हा मी सांगितलं, मुलीचा मामा खाणीत आहे, मामावाचून बोलणी कशी व्हायची? त्यांनी आंबील प्यायली, पावसाची चौकशी केली आणि गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या दिरांनी एक युक्ती काढली. तुझा काळा कोट मामाच्या खुर्चीवर नीट बसवला. मुलाचे चुलते, म्हातारे सेबिना, रीतीचे पक्के. त्यांनी टोपी काढली, कोटापुढे खाली बसले आणि सुरुवात केली, "मामा, तुमच्या घरी पाण्याला एक तुंबा मागायला आलोय." (मुलगी मागायची म्हणजे असंच म्हणायचं, तू विसरला असशील.) मग सगळे कोटाकडे बघत बसले. मामाने बोलायची वेळ होती ना! तेवढ्यात आमची शेळी आली आणि तुझी बाही चावायला लागली. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत उठायचं कुणी? शेवटी सेबिनाच हळू म्हणाले, "मामांना शेळी खातेय."

"खाऊ दे," आत्या म्हणाली. "कळू दे त्यालाही इथली भूक."

"पण मामा काही बोलत नाहीत."

"इथे होता तेव्हाही कुठे बोलायचा!"

सेबिना हसले, पण उठले. म्हणाले, कोटाशी सोयरीक करता येत नाही. बाही गेली. मी ठिगळ लावलंय, रंग जुळला नाही.

बोनोलो तुझ्यावर रागावलीय. तुझ्यामुळे अडलं म्हणते. मी तिला काही बोलले नाही. तू काम सोडून येऊ नकोस. आमचं चाललंय.

तुझी बहीण,
दिकेलेदी

ता. क. येणार असशील तर साबण आण. नसशील तर पाठवू नकोस. नुसत्या साबणाचं काय करू?

ता. क. आणखी एक. सख्खा मामा नसला तर त्याच्या चुलतभावाला बसवता येतं. रीतीत बसतं. आपला गाओलाथे दोन्ही वेळा अंघोळ करून तयार होता, तेही या पाण्याच्या टंचाईत. मीच नको म्हटलं. सेबिनांना वाटतं, मुलीपोटी त्यांनी द्यायची गुरं मी वाढवून मागतेय. मी काहीच मागत नाहीये. लग्न अडलंय तोवर तुला बोलवायला कारण आहे. बोनोलो नांदायला गेली की कारण संपलं. मग नुसतंच ये म्हणावं लागेल, आणि ते मला कधी जमलं नाही. आज एकदा लिहून बघते.

ये.