धरणाचा चढ आणि आमची मोटार

५ ऑक्टोबर १९८८

मोटार आज पुन्हा चढावर थांबली! येलदरीच्या धरणावर जाताना मोठा चढ लागतो, तिथं. आत सात माणसं. नातू पंडित खाली उतरला आणि चाकामागं दगड लावायला लागला. माणसं पायी वर गेली आणि वर बसून मोटारीची वाट बघायला लागली. भाडं अर्धंच दिलं. त्यांचं तरी काय चुकलं — अर्धं तर ते चालत गेले होते.

पंडितनं मला हे सांगितलं न्हाई. त्याची बायको कुसुम, तिनं सांगितलं. हे लिहायलीय तीच. मला अक्षर येत न्हाई, तिला गप बसता येत न्हाई. जोडी बरी जमली. कुसुम, हे पण लिही. हसू नको.

८ ऑक्टोबर

दिनकरराव ठेकेदार दारात आले. धरणाकडं कालव्याचं काम घेतलंय त्यांनी. मिस्त्री-मुकादमांना रोज जिंतुराहून न्यायला-आणायला मोटार पाहिजे. म्हणाले, "पंडित, नऊ माणसं भरून चढ न थांबता चढून दाखव. दिवाळीच्या आधी. चढली तर रोजचं भाडं तुझं."

पंडित "हो साहेब" म्हणाला. ते गेल्यावर आमच्याकडं न बघता म्हणाला, "न्हाई चढली तर मोटार विकायची आणि पुण्याला जायचं. कंपनीत माणसं घ्यायलेत."

कुसुमचा भाकरी थापता थापता हात थांबला.

मी म्हणलं, "पुण्यात चढ नसतेत का रे?" कुणी हसलं न्हाई.

त्याचे मायबाप गेले तेव्हा तो माझ्या मांडीएवढा होता. आमी या घरात तिघंच. म्हणून मोटार चढलीच पाहिजे. एवढं मला कळतं. पुढचं काहीच कळत न्हाई.

११ ऑक्टोबर

जिंतूरचा मोटारीचा मिस्त्री रंगनाथ आला. बोनट उघडलं आणि आडात वाकल्यासारखा वाकला. लय वेळ. मी विचारलं, "काय पडलंय आत?"

नवं इंजन बसवायची आमची ऐपत न्हाई. हाय त्यातूनच ताकद काढायची. रंगनाथ म्हणाला, "आजी, या इंजनाला हवा कुणी भरवत न्हाई. ते आपलं आपणच ओढतं. जेवढी ओढंल तेवढी ताकद."

"मग ओढंना का?"

"नाक चोंदलंय."

म्हंजे मोटारीला पडसं! हवेच्या डब्यातनं मूठभर काळी माती निघाली. जाळी धुतली, वाळवली. पंडित म्हणाला, "जाळी काढूनच टाकू ना, मोकळी हवा जाईल." रंगनाथ म्हणाला, "चार दिवस पळंल, मग आपल्या रस्त्याची माती इंजन खाऊन टाकील." जाळी परत बसवली. हे तेवढं कळलं. पीठ चाळल्याबिगर मी पण भाकरी करत न्हाई.

१४ ऑक्टोबर

आज सायलेन्सर पोकळ केला. आतलं सगळं काढून फेकलं. धूर मोकळा जातो म्हणं. धूर गेला का माहीत न्हाई, आवाजानं तानुबाईची म्हैस दावं तोडून गेली. तानुबाई शेजारीण, दारात येऊन म्हणाली, "सरजाबाई, तुमचा नातू मोटार दुरुस्त करायलाय का पाडायलाय?"

मला काय ठावं! हवा आत जायला मोकळी, धूर भायेर यायला मोकळा. एवढ्या मोकळीकीनं माणूस बिघडतो, मोटार सुधारती?

१७ ऑक्टोबर

मोटारीचं हेड, म्हंजे इंजनाचं वरचं झाकण, एस्टीत बसून परभणीला लेथवाल्याकडं गेलं. गोणपाटात गुंडाळून, पंडितच्या मांडीवर. कंडक्टरनं हेडचं तिकीट मागितलं का, ते विचारायचं राहिलं.

१८ ऑक्टोबर

मोटार दारात. डोकं परभणीला. अशी माणसं मी लय बघितलीत.

२१ ऑक्टोबर

हेड आलं. लेथवाल्यानं खालून घासलंय. चकचकीत, तोंड बघून घ्यावं असं. पण घासून लोखंड कमी केलं तर ताकद वाढती कशी? मी तीनदा विचारलं. रंगनाथ म्हणाला, "आतली जागा कमी झाली आजी. जागा कमी, की दाब जास्त. दाब जास्त, की ताकद जास्त."

मी म्हणलं, "एका खोलीत आमी तिघं. दाब लय हाय. ताकद कुठं हाय?"

कुसुम लाजून आत गेली. पंडित पयल्यांदा हसला. या महिन्यात पयल्यांदा!

२४ ऑक्टोबर

चालू केली तर आतनं टकटक. चढ सोडा, सपाटीवर सुदिक. पंडितचं तोंड उतरलं. रंगनाथनं ठिणगी कवा पडायची ते ठरवणारा डबा कुठंतरी थोडा फिरवला. टकटक थांबली. पुन्हा फिरवला, पुन्हा टकटक. "इथं!" म्हणाला आणि आवळला. त्याला नक्की ठावं होतं, का अंदाजानं? विचारायचं धाडस झालं न्हाई. वैद्याला कुणी असं विचारतं का?

२९ ऑक्टोबर

उद्या चढ. दिनकरराव वरच उभे ऱ्हाणार हायेत. नऊ माणसं रोजगार बुडवून कुठून आणायची, म्हणून रंगनाथ म्हणाला, "तुमी तिघं बसा, बाकी सरकीची पोती टाकू. वजन ते वजन."

पोती! माणसं असताना? मी तानुबाईला सांगून आले.

३० ऑक्टोबर, रविवार

पोती राहिली बाजूला. रिकामी मोटार धरणावर जायलीय, हे कळल्यावर घरी कोण बसंल? तानुबाई आली. तिची भैन आली. भैनीची सून, सुनेची लेकरं. भाकऱ्यांचं गाठोडं. पंडित म्हणाला, "आजी, नऊच!" आता दारात उभ्या माणसाला उतर म्हणायचं कुणी? मी म्हणलं, "बसा गं, सरका!"

मी पुढं. मांडीवर एक पोरगी, पायात गाठोडं. समोर बाबासाहेबांचा फोटो हलायला लागला.

चढ आला. मोटार ओरडायली, मागं बाया ओरडायल्या. मधी एका जागी ती इतकी हळू झाली, की मी आपसूक अंग पुढं रेटलं. कुसुमनं पण रेटलं. सगळ्यांनीच रेटलं! थांबली न्हाई. वर गेली!

दिनकरराव दाराजवळ उभे राहून मोजायला लागले. दहा. अकरा. मी उतरले तेव्हा चौदा झाले होते. ते मोटारीभोवती एकदा फिरले, बोनटवर हात ठेवला.

भाकऱ्या पाण्याच्या कडंला बसून खाल्ल्या. कुसुम इतकी हसली, की तिला ठसका लागला.

१ नोव्हेंबर

दिनकरराव आले. भाडं नको म्हणाले — चौदा माणसं वर नेणारी मोटारच विकत पाहिजे, ड्रायव्हर त्यांच्याकडं हाय. पंडित म्हणाला, "आजी, असा भाव पुन्हा कुणी देणार न्हाई." चावी दिली. खोली मिळाली की कुसुमला नेतो म्हणाला. तो सोमवारी पुण्याला जायलाय.

एस्टीनं.