जेवणाच्या टेबलावरची सभा

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वादाचा विषय निघाला की तुम्हीच आठवता. शाळेची वादविवाद स्पर्धा तुम्ही घेत होता आणि मी तुमची मुलगी म्हणून मला हटकून न पटणारी बाजू द्यायचात. 'मुलींनी मॅट्रिकपुढे शिकू नये' हे मी इतकं ठासून मांडलं की पहिला नंबर आला. पुढे शिकणं झालं नाही, त्याची कारणं वेगळी. एकदा समोरच्या मुलीने माझी टर उडवली म्हणून मी घरी येऊन चुलीपाशी रडत बसले आहे, आई भाकरी थापते आहे, आणि तुम्ही पाटावरून मान वर न करता विचारता, "व्यासपीठावरून खाली उतरल्यावर तिच्याबरोबर डबा खाल्लास का? नाही ना? मग तू नुसती बोललीस, वाद कुठे घातलास?" तेव्हा तुमचा फार राग आला होता.

हे गेल्यापासून मी थोरल्या मुलाकडे, अमेरिकेत प्लेनोला असते. सून मायाळू आहे. उदबत्ती लावली की छतावरचा अलार्म कोकलतो, म्हणून देवापुढे विजेचं निरांजन. झिपलॉकच्या पिशव्या मी धुऊन वाळत घालते, हिशेब रोजच्या रोज लिहिते, त्यावर कुणी हसत नाही. मागच्या महिन्यात धाकटा इंग्लंडहून आला. त्याच सुमारास नातीने, ती हायस्कूलच्या डिबेट टीममध्ये आहे, अभ्यासासाठी दोन्ही देशांतले पुढाऱ्यांचे वाद आयपॅडवर लावले होते. मी शेजारी बसून पाहिले. इंग्लंडच्या संसदेत दोन्ही पक्ष समोरासमोरच्या बाकांवर खेटून बसतात, मधेच उठतात, खिदळतात, टोमणे मारतात. पण एकमेकांना थेट काही म्हणायचं नाही, सगळं अध्यक्षांना उद्देशून. इथे दोघं उमेदवार लांब लांब उभे, मिनिटं मोजून दिलेली, आणि समोरच्याकडे न बघता कॅमेऱ्यात बघून सांगायचं की माझे वडील अमुक कष्ट करायचे, माझ्या आईने तमुक सोसलं. तिकडे मुद्दा हरतो, इकडे माणूस हरतो, असं मला वाटलं.

रविवारी जेवणं झाल्यावर विषय निघाला, आई पुढे कुठे राहणार, इथे की इंग्लंडात. नातीला उत्साह. मला टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसवून म्हणाली, "आजी इज द स्पीकर!" धाकटा लगेच उठला. "अध्यक्ष महाराज, माझ्या सन्माननीय दादाला विचारा, या प्लेनोत आई ड्राइव्ह केल्याशिवाय कोथिंबिरीची एक जुडी तरी आणू शकते का?" थोरला हसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सांगू लागला, "मी इथे स्टुडंट म्हणून आलो तेव्हा आईने दिलेली गोधडी..."

"शेम, शेम! गोधडीचा इथे काय संबंध?"

"नो इंटरप्टिंग, काका! बाबांचा टाइम आहे."

"मध्ये बोलायचंच नाही? मग हा वाद कसला, हे तर कीर्तन!"

"कीर्तनाला नावं ठेवायची नाहीत," मी दटावलं, आणि सगळेच हसले. मग म्हटलं, "आता मी बोलू?"

"नो, आजी. स्पीकर कुणाचीच साइड घेत नाही."

गंमत बघा नाना, सगळ्यात मानाची खुर्ची दिली आणि तिच्यात बसलेलीनेच बोलायचं नाही. मी उठले आणि सुनेशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "ही सोडली खुर्ची. प्लेनो नको, इंग्लंडही नको. मी कराडला, माझ्या घरी राहणार."

धाकट्याने टेबलावर थाप मारली. "वा! पण आई, रात्री-अपरात्री पडलीस तर?" किल्ली शेजारणीकडे असते. "औषधं?" डॉक्टर खालच्याच मजल्यावर. "एकटेपण?" गुरुवारी भजनाला गेले नाही तर बायका दार तोडून आत येतील. एकेक मुद्दा मी खोडत गेले. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "घ्या, सन्माननीय आईसाहेबांनी विकेट काढली," आणि हसत चहा टाकायला उठला. तुम्हाला आवडला असता नाना, तो.

थोरला मात्र तसाच बसून होता. पेपर नॅपकिनची घडी घालत, उलगडत. मग म्हणाला, "आई, आमचं काही चुकलं का गं?" आणि त्याचे डोळे भरले. त्याने काही मांडलंच नव्हतं, मी खोडणार काय? मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. चहा सगळ्यांनी एकत्रच घेतला.

दिवाळीनंतरचं तिकीट त्यानेच काढलंय. जायचं पक्कं आहे, त्यात बदल नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तो रडला तेव्हा मला वाईट वाटलं, हे खरं. पण माझ्या जाण्याने त्याचे डोळे भरतात, याचं आत कुठेतरी फार बरं वाटलं, हे त्याहून खरं, आणि तेवढं मी त्याला सांगितलेलं नाही.