गुलाबी खड्यांतला वेगळा खडा

स्कॉटलंड

प्रिय बाबा,

तुझ्या नि आईच्या पाया पडते. मी मजेत आहे. अभ्यासासाठी समुद्रात बुडी मारते तेव्हा पाणी बर्फासारखं लागतं, कानाला दडे बसतात, पण डॉक्टर म्हणाले घाबरू नकोस.

इथे समुद्राच्या तळाशी गुलाबी खड्यांचा थर आहे. दिसतात दगड, पण ते जिवंत शेवाळ आहे. वर्षाला जेमतेम मिलिमीटर वाढतं. त्यात शिंपल्यांची पिल्लं लपतात. मासेमारीची तळ खरवडणारी जाळी फिरली की सगळं संपतं.

सगळे म्हणायचे, इथे एकच जात आहे. मला एक खडा वेगळा वाटला. तपासल्यावर ती दुर्मीळ जात निघाली! त्यामुळेच परवा या खाडीत त्या जाळ्यांवर बंदी आली.

मला शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "ही नजर कुठून आणलीस?"

म्हटलं, "माझे बाबा ठाण्याला मिठागरात होते. मिठाचा दाणा बघून तो कुठल्या वाफ्यातला ते ओळखायचे."

आपल्या मिठागरावर भराव पडतोय म्हणे, खरं का रे? आईचा गुडघा कसा आहे? धाकटा दिपेश वागळे इस्टेटला कामावर वेळेवर जातो ना?

इथे मधलं नाव लिहीत नाहीत. त्या खड्याच्या अहवालावर मी हट्टाने लिहायला लावलं.

तुझी लेक,
कृतिका धाकू मढवी